सव्वीस नंबरचं पुस्तक

मी एक जुना ई-रीडर आहे, आणि मित्रांनो, आज आधी मी बोलणार, मग तुम्ही काय ते भांडा. कारण छापील बरं की हे बरं, हे बरं की छापील बरं, यावर लोकांचे चहाचे दोन-दोन कप संपतात आणि मला मात्र एक जण काही विचारत नाही! जुना म्हणजे किती, तर सहा वर्षांचा. पुस्तकांमध्ये एवढं वय म्हणजे तान्हं बाळ. आमच्यात म्हणजे पेन्शन.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो ललित. त्यानं दातानं टेप फाडून मला खोक्यातून काढलं, आणि काय सांगू, दोन वर्षं माझी नुसती चंगळ! सिटी बसमध्ये एका हातात दांडा, एका हातात मी. कॉलेजात मित्रांना दाखवायचा, "चारशे पुस्तकं आहेत यात, उचलून बघ, चारशे!" मग त्याला पुण्यात नोकरी लागली, मोठ्या स्क्रीनचा फोन आला, आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. रबरबँड, संपलेली पेनं आणि मी. माझा चार्जर कुठे हरवला ते आजही कोणाला माहीत नाही.

एकदा सुट्टीत आला तेव्हा कोणाचा तरी चार्जर आणून त्यानं मला पोटभर चार्ज केलं आणि म्हणाला, "आई, हा पडूनच आहे, तुमच्या पेटीत टाक की."

आता पेटी म्हणजे काय, ते ऐका. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत पुस्तकांची एक पेटी आहे, पत्र्याची, हिरवी, कडीकोयंड्याची. आत पंचवीस पुस्तकं. महिनाभर ती एका घरी मुक्कामाला, बाकीच्यांनी त्या घरी जाऊन पुस्तक बदलून घ्यायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे जमतात, पोहे होतात, ज्यानं जे वाचलं त्यातलं थोडं मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि पेटी पुढच्या घरी. ललितची आई, म्हणजे ज्योत्स्नावहिनी, या पेटीच्या प्रमुख. आणि त्यांचा नियम कडक, पेटीत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि नंबर!

मग काय, मलाही घातलं कव्हर! काच तेवढी उघडी, बाकी चारही बाजूंनी खाकी कागद, वर चिकटपट्टी. आणि पेटीत मी उलटा उभा राहतो म्हणून नंबर चिकटवला माझ्या खालच्या कडेवर. सव्वीस. अहो, तिथंच माझं चार्जिंगचं भोक आहे! जेवायचं तोंड बंद करून त्यावर नंबर टाकला हो माझ्या!

बरं, दुसरा नियम, एका वेळी एका माणसाला एकच पुस्तक. म्हणजे माझ्यातलं एक वाचून झालं की मला परत करायचं, आणि दुसरं वाचायचं असेल तर मलाच पुन्हा न्यायचं. शेजारची निकिता, कॉलेजला जाते, तिनं हे करून बघितलं बिचारीनं. पाच मिनिटांत मला परत आणलं, पाच मिनिटांनी पुन्हा नेलं. आणि मग महिनाभरात माझी बॅटरी संपली.

ज्योत्स्नावहिनींनी ललितला फोन लावला. मी टेबलावरच होतो, सगळं ऐकलं.

"अरे, हा बंद पडला."

"आई, चार्ज कर ना."

"कुठून करू? याला भोकच नाही."

"असं कसं? खाली बघ, खाली."

वहिनींनी मला फिरवून बघितलं. "खाली सव्वीस लिहिलंय."

"मग बिघडला असेल," ललित म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती.

संपलं! त्या दिवसापासून दर महिन्याच्या रविवारी माझ्यावरून भांडण. निकिता म्हणायची, काळ बदलला, असली चार मशीन घेऊ, पेटी कशाला उचलत बसायची? आणि समोर सोमनाथकाका. ते रेल्वेत होते, रोज मनमाडला अप-डाऊन, त्या प्रवासात त्यांनी अर्धी पेटी वाचलेली. ते मला दोन बोटांनी उचलायचे, मेलेली पाल उचलावी तसे, आणि म्हणायचे, "हे बघ पोरी, हे मेलं. पुस्तक कधी मरतं का? आणि वास? आहे का याला वास?"

वास, वास, वास! मित्रांनो, मी कंटाळलो या वासाला. पुस्तक हुंगायला घेता की वाचायला? आणि काकांकडे पुरावा तयारच असायचा. कोपऱ्यात विमलाबाई बसायच्या. प्रेसमधून रिटायर झालेल्या, तोंडानं फटकळ, पेटीतल्या सगळ्यात मोठ्या वाचणाऱ्या. त्या पुस्तक अगदी नाकाला लावून बसायच्या. काका हात करून म्हणायचे, "त्या बघा! पान हुंगल्याशिवाय वाचत नाहीत. याला म्हणतात प्रेम!" सगळे माना डोलवायचे. विमलाबाई नुसत्या हसायच्या. आणि वाचून दाखवायची पाळी आली की म्हणायच्या, "आज राहू द्या, चष्मा घरी राहिला."

चष्मा गळ्यात लटकत असायचा! एकालाही दिसला नाही.

मग पेटी महिनाभर विमलाबाईंच्या घरी गेली, आणि मला खरं काय ते कळलं. त्या दुपारी पेटीतली एक जाडी कादंबरी काढायच्या. धुरपा नावाची एक बाई नदीवर होडी चालवते, तिची गोष्ट. खिडकीपाशी न्यायच्या. चष्मा लावायच्या, काढायच्या, भिंग धरायच्या, मग पान असं नाकाला टेकवायच्या. कुठला वास आणि कुठलं काय! अक्षरं दिसत नव्हती त्यांना. डोळ्याचा पडदा खराब झालाय, डॉक्टर म्हणाले आता एवढंच, हे त्या बहिणीला फोनवर सांगत होत्या. शेवटी रागानं म्हणाल्या, "अगं, ती धुरपा कुलूप लावून निघाली घरातून, तिथं अडकलेय मी. परत येते की नाही, तेवढं कळलं पाहिजे मला. आणि विचारू कोणाला? सगळ्यांना वाटतं मी वाचलंय."

आणि मी पेटीत! झाकण उघडं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर! माझ्यात तीच कादंबरी आहे, ललितनं आईच्या आग्रहाखातर घेतलेली आणि अर्ध्यात सोडलेली. आणि मी अक्षर केवढंही करू शकतो, भोपळ्याएवढं करू शकतो! मी ओरडतोय, आतल्या आत नुसता ओरडतोय, की तो नंबर काढा हो, तो सव्वीस काढा! पण बॅटरी शून्य. माझ्या काचेवर नुसतं रिकाम्या बॅटरीचं चित्र, आणि त्यांना तेही दिसत नव्हतं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. जमले सगळे विमलाबाईंकडेच. पोह्यांच्या प्लेटी फिरल्या, आणि काका म्हणाले, "आज निकाल लावा. सव्वीस नंबर पेटीतून बाद. उगाच जागा अडवतो."

निकिता पण वैतागलेली. "करा बाद. ई-कचऱ्याची गाडी येते ना, देऊन टाकते मी."

मित्रांनो, संपलो होतो मी! आणि मला वाचवलं कोणी माहितीय? ज्योत्स्नावहिनींच्या काटकसरीनं. त्या म्हणाल्या, "थांब गं, कव्हर काढून घे आधी. चांगला कागद आहे, दुसऱ्या पुस्तकाला होईल."

निकितानं नखानं चिकटपट्टी उचकटली. कागद निघाला, त्याच्याबरोबर सव्वीस निघाला.

"वहिनी! हे काय आहे?"

"काय?"

"भोक!"

वहिनी पुढे आल्या, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई. मीच चिकटवला होता."

निकितानं तिचा चार्जर लावून बघितला. बसेना. आताच्या फोनचा जाड, माझं भोक जुन्या पद्धतीचं. आता कोणाकडे असेल इतका जुना चार्जर? सगळे काकांकडे बघायला लागले. त्यांचा बटणांचा फोन!

"माझा नाही मिळणार," काका म्हणाले.

"काका, असं काय करता हो!"

"बरं, घ्या. पण चालू होणार नाही, लिहून देतो."

झालो की चालू! वेळ लागला, पोहे गार झाले, पण झालो, आणि ललितनं धुरपाला जिथं सोडलं होतं तेच पान उघडलं. निकितानं घाईघाईत काचेवर बोटं ताणली आणि अक्षर एकदम मोठं झालं, अख्ख्या पानावर चारच शब्द. काका हसायला लागले, "हे काय, किराणा दुकानाची पाटी?"

आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"धुरपानं कुलूप ओढून बघितलं."

विमलाबाई वाचत होत्या. चष्मा गळ्यातच. नाक माझ्यापासून लांब. त्यांनी मला निकिताच्या हातातून ओढूनच घेतलं. "पुढचं पान कसं उलटायचं? सांग ना लवकर!"

"इथं टेकवा बोट."

"किल्ली पदराला बांधली." बोट. "आणि ती वळली." बोट. "नदीकडे."

काका म्हणाले, "विमलाताई, तुम्ही? आणि वास?"

"वास कसला घेताय सोमनाथराव! अक्षरं शोधत होते मी. वर्ष झालं, नीट दिसत नाही मला."

"अहो, मग बोलायचं ना!"

"कधी बोलू? दर महिन्याला माझंच उदाहरण देत होतात तुम्ही."

काकांनी प्लेट जवळ ओढली. गार पोह्यातले शेंगदाणे वेचत बसले. मग उठले, चार्जर विमलाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. माझ्या फोनचं मी बघतो."

आता मी विमलाबाईंकडे असतो. आणि वैताग काय संपलाय? छे! त्यांनी मला पुन्हा खाकी कव्हर घातलं. "पुस्तकाला कव्हर हवंच," म्हणाल्या. भोक तेवढं कात्रीनं नीट कापून मोकळं ठेवलं. शिवाय माझ्यात वाचताना मांडीवर ती जाडी छापील कादंबरी उघडून ठेवायच्या. माझी पंधरा-वीस पानं झाली की तिचं एक पान उलटायच्या. मी विचारात पडायचो, दिसत नाही तर उलटता कशाला? पण त्यांचा हात त्या कागदावरून फिरायचा ना, तेव्हा मी गप्प बसायचो. काही काही गोष्टी मला येत नाहीत, ते मान्य आहे मला.

धुरपाचं शेवटी काय झालं ते त्यांना कळलं. पुढच्या महिन्याच्या रविवारी त्यांनी काकांना विचारलं, "तुम्हाला कसा वाटला शेवट?"

काका म्हणाले, "छान. फार छान."

"कुठला छान? वाचलाय का तरी?"

काका मान खाली घालून हसले. त्या महिन्यात ती जाडी कादंबरी तेच घेऊन गेले.

म्हणून मित्रांनो, कागद चांगला की काच चांगली यावर खुशाल भांडा, मी ऐकतोच आहे. पण भांडता भांडता कोपऱ्यात कोणी पान नाकाला लावून बसलं असेल, तर आधी त्याला विचारा, दिसतंय का? आणि माझ्यासारख्याला ड्रॉवरमध्ये टाकू नका, अधूनमधून चार्ज करा. नंबर चिकटवायचाच असेल तर चिकटवा बापडे. फक्त चिकटवायच्या आधी एकदा उलटा करून बघा!