फुली काढणारा टाक

सकाळचे ऊन कचेरीच्या खिडकीतून आत येई, तेव्हा त्याला कसलीच घाई नसे. आधी ते काचेवरच्या कोळशाच्या धुळीत अडकून करडे होई, मग चौकटीवरून हळूच उतरे, मेजाच्या कडेला टेके आणि फार वेळाने दौतीपर्यंत पोहोचे. तिथे मी असे. मित्रांनो, मी लाकडी दांड्याचा, पोलादी निबाचा एक जुना टाक. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या एका कोळसाखाणीत माझे आयुष्य गेले.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मी घडलो. पण माझा जन्म मी वसंतातल्या त्या दिवसापासून मोजतो, ज्या दिवशी खाणकामगार वर्षभरासाठी कराराने मालकाशी बांधून घ्यायला आले. त्यांना लिहिता येत नसे. कारकून टिंडेल नाव पुकारी, मला कागदावर धरी, माणूस माझ्या दांड्याला बोट लावी आणि टिंडेल सहीच्या जागी फुली काढी. बोट लागले की शब्द दिला. भेगाळलेली बोटे, नखांत कोळसा रुतलेली, एखादे अर्धेच उरलेले. त्या स्पर्शांचा मला फार अभिमान होता.

कागदावर एकाला 'मालक' म्हटले होते, दुसऱ्याला 'नोकर'. मालकाने शब्द मोडला तर ते साधे दिवाणी भांडण. नोकराने मोडला तर गुन्हा, आणि त्याला तुरुंग. एवढे वजन त्या दोन शब्दांत आहे, हे मला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी कथबर्ट शील्ड आला. सगळे त्याला कडी म्हणत. त्याच्या बायकोला, डॉलीला, खाणीच्या धुरात श्वास पुरत नसे.

"अरे कडी, लाव की बोट! टाक आहे तो, विंचू नव्हे!" मागून कुणी ओरडले.

"माझ्या वाटचं तूच लाव बाबा. मी यंदा बांधून घेणार नाही. डॉलीला डोंगरात बहिणीकडे नेतोय."

"बायकोच्या मुठीत गेला रे हा!"

"मालकाच्या मुठीपेक्षा मऊ आहे ती."

हशा उसळला, रेटारेटी झाली. टिंडेलने मान वर न करताच पुकारले, "शील्ड!" आणि फुली काढली. गर्दीत बोट लागलेच असेल, असे मी मनाशी म्हटले.

चार दिवसांनी, करार मोडून पळाला म्हणून, डोंगराच्या वाटेवर कडीला पकडले. न्यायालयात मी टिंडेलच्या खिशात होतो. त्याने शपथेवर सांगितले, "बोट लावलं, मी पाहिलं."

"साहेब, मी लावलंच नाही," कडी म्हणाला.

"गप्प राहा. आरोपीची साक्ष चालत नाही," न्यायाधीश म्हणाले.

"मग माझ्या बाजूनं बोलायचं कुणी?"

"फुली बोलते आहे."

दोन महिने सक्तमजुरी. दाराशी डॉली खोकल्यातून एवढेच म्हणाली, "मी थांबते हं. तू जेवत जा."

पाचव्या आठवड्यात ती गेली. तिला माती द्यायलाही कडीला येता आले नाही.

सुटल्यावर तो कचेरीत आला. पुढे होऊन त्याने माझ्यावर बोट ठेवले आणि कितीतरी वेळ तसेच राहू दिले.

"बघ, टिंडेल," तो म्हणाला, "बोट लावणं म्हणजे हे."

आता माझे निब वाकले आहे. कुणी मला दौतीत बुडवत नाही. मित्रांनो, दुसऱ्याच्या नावाने लिहायची वेळ आली, तर आधी मान वर करा आणि त्याचा चेहरा पाहा.

त्या वसंतात कडीचे बोट मला लागले नव्हते.