तिथीची पाऊणपट

“आज तारीख किती?”

रेवसच्या धक्क्याला लाँच अजून बांधलेलीच होती आणि नीराबाईने हा प्रश्न चौथ्यांदा विचारला होता. बाकावर तिच्या शेजारी बसलेला सदा, तिचा नवरा, कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघत होता.

“पानी टोकाला आलंय गो,” तो म्हणाला. “आता घटकाभरानं सरंल.”

“पान्याचं राहू द्या बाजूला. तारीख सांगा. नऊ जानेवारी. म्हना.”

“नऊ जानेवारी.”

“तर आज तारीख किती?”

सदा पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. समोरच्या दोन कॉलेजच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. नीराबाईने त्यांच्याकडे असं बघितलं, की दोघींनी मुकाट्याने मोबाइल काढले. अलिबागच्या बाजारात तीस वर्षं सुकट-बोंबील विकणाऱ्या बाईची नजर होती ती. घासाघीस करणारी भलीभली गिऱ्हाइकं तिच्यापुढे नरमत. नवऱ्यापुढे मात्र दोन वर्षं ती नजर काही कामाची राहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सदा तांडेल होता. होडी घरची, सुकाणूही त्याच्याच हातात. रेवसपासून खांदेरीपर्यंतचं पाणी त्याला तोंडपाठ होतं. घड्याळ त्याने कधी बांधलं नाही. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. कोळीवाड्यातल्या पोरासोरांनाही हे येतं, पण बाकीचे लोक आपला हिशेब सदाच्या हिशेबावर ताडून बघत. मग एका सकाळी जाळं ओढताना दोर तुटला आणि लोखंडी कप्पी त्याच्या डोक्यात बसली. वीस दिवस तो शुद्धीवर नव्हता. जीव वाचला, हातपाय वाचले. लेकीचं, किशोरीचं लग्न महिनाभर आधी झालं होतं, ते मात्र डोक्यातून धुऊन गेलं. आणि घरी आल्यावर एक दिवस किनाऱ्यावर उभा राहून त्याने विचारलं, “नीरा, आता भरती हाय का ओहोटी?”

मुंबईहून आलेल्या पाहुण्याने विचारावं तसं विचारलं त्याने. त्या दिवशी नीराबाई बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मागे जाऊन पोटभर रडली. वीस दिवस दवाखान्यात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी वाहिलं.

मुलगा कमलेश कुठूनसा एका दवाखान्याचा कागद घेऊन आला होता. ‘मूळ पेशींनी मेंदू पूर्ववत, शंभर टक्के गॅरंटी.’ तो कागद घेऊन नीराबाई मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर अमिषांकडे गेली. त्यांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

“नीराबाई, याच्यात गॅरंटी देणाऱ्याच्या दारात जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे याच पेशींची चाचणी चालू आहे. पैसे पडत नाहीत, पण खात्रीही मिळत नाही. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढतो, प्रयोगशाळेत वाढवतो आणि परत देतो. पहिल्या टप्प्यात निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, ते मलाही कळणार नाही.”

“पेशी जाऊन नवा मेंदू बनतो काय?”

“तसं नाही. मेंदूत जो भाग मेलेला नाही, पण दुखावून गप्प बसलाय, त्याला सावरायला त्या मदत करत असाव्यात. असं आम्हाला वाटतंय. तेच तपासतोय.”

नीराबाईने क्षणभर विचार केला. “म्हंजे सुईन. पोर तिचं नसतं, पन ती नसली तर अडतं.”

डॉक्टर अमिषा मोठ्याने हसल्या. पुढे म्हणे त्यांनी एका सभेत हेच वाक्य सांगितलं, आणि ते नीराबाईचं म्हणूनच सांगितलं.

सदा त्या चाचणीत दाखल झाला होता. आज तिची तिसरी आणि शेवटची तपासणी होती. तीस मार्कांची परीक्षा. पहिल्या वेळी सदाला दहा मिळाले होते, दुसऱ्या वेळी अकरा. आज पंधरा मिळाले तर दुसऱ्या टप्प्यात नाव जाणार होतं आणि दुसऱ्या टप्प्यात मिठाचं पाणी नव्हतं, सगळ्यांना खऱ्या पेशी. पंधराला एक जरी कमी पडला, तरी नाव बाद. म्हणून तर सहा महिने घरात तारखेची शाळा भरत होती. सून प्रणालीने भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं आणि नुसत्या मोठ्या आकड्यांचं लावलं. तिथी बघून मामंजींचा गोंधळ नको, असा तिचा सुज्ञ विचार. रोज सकाळी चहाआधी तारीख. तारीख नाही तर चहा नाही. सदाने बिनचहाच्या कितीतरी सकाळी काढल्या.

इस्पितळात रुचिका नावाची तरुण मुलगी परीक्षा घ्यायला होती. मुलगी गोड होती, पण नियमाला कडक. “मावशी, तुम्ही मागे बसा. सगळ्याचा व्हिडिओ होतो. तुमच्या तोंडून एक शब्द आला, तर तपासणी रद्द.”

भर बाजारात एका हाकेत पलीकडच्या रांगेतलं गिऱ्हाईक ओढणाऱ्या बाईला ही शिक्षा जन्मठेपेसारखीच. नीराबाईने पदराचं टोक दातात धरलं.

चित्रं ओळखणं झालं. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, सदाने त्यातले तीन सांगितले. मागच्या वेळी एकच सांगितला होता. नीराबाई बोटांवर मोजत होती.

“काका, आज वार कुठला?”

“गुरुवार.”

“तारीख?”

सदाने डोळे मिटले. नीराबाई मनात ओरडत होती, नऊ, नऊ, नऊ.

“दशमी,” सदा म्हणाला.

“तारीख काका. आकडा सांगा.”

“दशमी.”

रुचिकाने शून्य टाकलं. नीराबाईने कपाळाला हात लावला.

“महिना?”

“पौष.”

पुन्हा शून्य. वर्ष त्याने दोन मागचं सांगितलं, तेही शून्य.

“बरं, घड्याळ न बघता सांगा, आता साधारण किती वाजले असतील?”

सदाने खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवर वाळत घातलेली चादर. “अर्धी ओहोटी झाली आसंल,” तो सावकाश म्हणाला.

रुचिकाने चौथं शून्य टाकलं आणि नीराबाईच्या तोंडातून पदर सुटला.

दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, म्हणजे दीडच्या पुढे पूर्ण ओहोटी. मग अर्धी ओहोटी कधी? तिने मान वळवून डोक्यावरच्या घड्याळात बघितलं. साडेदहा वाजून गेले होते. सकाळी लाँचवर तो तेच सांगत होता. पाणी टोकाला आलंय म्हणाला होता, आणि आपण काय म्हणालो? पान्याचं राहू द्या बाजूला! बाई गं, दोन वर्षं जे ऐकायला कान तरसले होते, ते तो सांगत होता आणि आपण तारीख घोकून घेत होतो.

पुढचे प्रश्न संपेपर्यंत तिने तोंड कसं बंद ठेवलं, ते तिचं तिला माहीत. परीक्षा संपली. रुचिकाने कॅमेरा बंद केला, बेरीज केली आणि हळू आवाजात म्हणाली, “बारा आलेत मावशी. वाईट वाटून घेऊ नका, वाढलेत तरी.”

“वाढलेत काय! तुमी तीन खाल्लेत!” नीराबाई उठून उभीच राहिली. “त्यानं बरोबर सांगितलंय सगलं. आज दशमीच हाय. पौषच हाय. आनि अर्धी ओहोटी म्हंजे साडेधा. बोलवा तुमच्या मोठ्या डॉक्टरीनबाईला. आमी हितनं हलत न्हाय.”

तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण डॉक्टर अमिषा बोलावण्याआधीच आल्या.

त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग मोबाइलवर पंचांग काढलं आणि बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकही काढलं. डॉक्टर खुर्ची ओढून सदाच्या समोर बसल्या.

“सदाकाका, आजची तिथी कुठे वाचलीत?”

“वाचली न्हाय. घरात पंचांग न्हाय. सुनेनं काढलं.”

“मग?”

“चांद बघितला राती,” सदा म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “परवा भरती कधी?”

“परवा द्वादशी. नवाला.”

“आणि चतुर्थीला?”

“तीनला. पन आमच्या खाडीत गाल-चिखल लय हाय. मोठी होडी आसंल तर आडीचच्या आदी आत घेऊ नये.”

डॉक्टर अमिषांनी रुचिकाकडे बघितलं. “तू नियमाने केलंस, चूक तुझी नाही. फॉर्ममध्ये आपण भाषा कुठली ते विचारतो, कॅलेंडर कुठलं ते विचारत नाही. नियमावलीत काय आहे माहितेय? रुग्ण रोजच्या जगण्यात जी कालगणना वापरतो, ती धरावी. ती ओळ मीच लिहिली आणि मीच विसरले.” मग त्या नीराबाईकडे वळल्या. “पण मार्क मी देऊ शकत नाही. व्हिडिओ दुसऱ्या परीक्षकाकडे जाईल, तो स्वतंत्रपणे तपासेल. सोबत मी पंचांग आणि वेळापत्रक देते. तासभर थांबा.”

तो तास नीराबाईने बाहेरच्या बाकावर काढला. डबा उघडला, पण घास उतरेना. सदा मात्र भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मन लावून जेवला. थोड्या वेळाने रुचिका येऊन त्याच्या शेजारी बसली.

“काका, मला सांगा ना, ते कसं काढता?”

सदाने तिला बोटांची पेरं मोजून पाऊणपट शिकवली. एकदा ती चुकली. सदा म्हणाला, “परत कर. घाई करनारा तांडेल होडी गालात घालतो.” नीराबाई ऐकत होती. असा आवाज तिने दोन वर्षांत ऐकला नव्हता. होडीवर नव्या खलाशाला शिकवतानाचा आवाज होता तो.

डॉक्टर अमिषा जिन्यावरून उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर डॉक्टरांना न शोभणारा आनंद होता.

“पंधरा,” त्या म्हणाल्या. “वर्ष चुकलंय, त्याचा मार्क मिळाला नाही. बाकीचे तिन्ही मिळाले. सदाकाका दुसऱ्या टप्प्यात आहेत.”

नीराबाईने काय करावं? तिने डॉक्टरांची दृष्टच काढली, कडाकडा बोटं मोडून, भर इस्पितळात. “ह्यो पेशींचाच गुन ना?” तिने विचारलं.

“माहीत नाही. त्यांना पेशी मिळाल्या की मिठाचं पाणी, ते अजून बंद पाकिटात आहे. सगळ्यांची पाकिटं उघडतील तेव्हाच कळेल. मला आशा आहे, खूप आशा आहे. पण आज सांगितलं तर मी त्या गॅरंटीवाल्यासारखीच झाले.”

“ऱ्हाऊ द्या पाकीट,” नीराबाई म्हणाली. “सुईन कोन ते मागनं बघू. पोर रडलं, आमाला पावलं.”

भाऊच्या धक्क्याकडे जाताना ती म्हणाली, तीनची लाँच धरू. सदा म्हणाला, “साडेचारच्या आदी सुटत न्हाय. रेवसला पानी कुठंय?” तिकिटाच्या खिडकीवर तेच लिहून लावलं होतं. नीराबाई त्या पाटीपुढे उभी राहून एवढी हसली, की तिकीटवाल्याने डोकं बाहेर काढून बघितलं. तिने कमलेशला फोन लावला. “प्रनालीला सांग, माल्यावरचं पंचांग काढ. आनि चहाला आता तारखेची अट न्हाय.”

लाँच सुटली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सदा कठड्याजवळच बसला.

“नीरा,” मग त्याने विचारलं, “किशोरीच्या लग्नाला तिथी कंची होती गो?”

लग्नाचे फोटो तिने त्याला शंभरदा दाखवले होते. दर वेळी तो दुसऱ्याच्या घरचे फोटो बघावेत तसे बघायचा. मग तिने अल्बम ट्रंकेत ठेवून दिला होता.

“पंचमी,” ती म्हणाली. “माघातली, शुद्ध पंचमी.”

“वऱ्हाड खाडीपल्याडच्या करंज्याहून पान्यातनं आलं?”

“व्हय. तीन होड्या होत्या.”

सदाच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. “पाचाची पाऊनपट पावनेचार. म्हंजे वऱ्हाड साडेतीनला लागलं आसंल. भरल्या पान्यावर.” तो थांबला. पुन्हा एकदा मोजलं. “चिखल लागला नसंल कुनाच्या पायाला.”

“न्हाय लागला,” नीराबाई म्हणाली. “विहीनबाईचं पाऊल कोरडं उतरलं. जरीच्या लुगड्याला थेंब न्हाय.”

“मीच सांगितलं आसंल त्यांना. तीनच्या आत सुटा म्हनून.”

“तुमीच. दोनदा फोन केलात.”

सदाने मान हलवली. आठवलं नव्हतं त्याला, तिला ते दिसत होतं. आता कधी आठवणारही नव्हतं बहुतेक. पण एकेक गोष्ट तो जागेवर लावून बघत होता, आणि ती तिथे बसत होती. होड्या कुठे बांधल्या, वारा कुठला असेल, नवऱ्यामुलाला आधी उतरवलं की विहिणीला, असं तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. करंज्याचे दिवे लागेपर्यंत लग्न जवळजवळ लागत आलं होतं.

रेवसला लाँच टेकली. खलाशाने पेशंट म्हणून सदाला हात पुढे केला. सदाने त्या हातात डब्याची पिशवी दिली आणि स्वतः पायरीवर उतरला. मग मागे वळून त्याने नीराबाईसाठी हात धरला.

“उतर सावकाश,” तो म्हणाला. “पानी भरतंय अजून.”