तयार झालेला नग

मी आणि ताई सॉफ्टवेअर बनवतो, एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. ताई मोठी, म्हणून तत्त्वं तिची आणि राबणं माझं.

तिचं तत्त्व असं: प्रोग्राम सुट्या भागांचा करायचा. एका भागात काही घालायचं, त्यातून जे निघेल ते पुढच्याला द्यायचं. भागाने इकडेतिकडे बघायचं नाही, मागचं आठवायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. लागेल ते सगळं बाहेरून द्यायचं. मग तोच भाग कुठेही बसतो. जेवताना मीठ मागितलं तरी ती हे सांगते.

खालच्या लॉन्ड्रीसाठी आम्ही असेच भाग जोडले होते. पहिला तयार कपडे वेगळे काढतो, दुसरा ते कोणाचे हे शोधतो, तिसरा त्या माणसाला निरोप लिहितो. कोणाची तक्रार नव्हती.

मग शुश्रूषागृहाचं काम आलं. ऑपरेशननंतर माणसं तिथे बरी व्हायला ठेवतात. ती बरी होतात, पण न्यायला कोणी फिरकत नाही. मेट्रनबाई घरोघर "आपल्या सोयीने न्यावे" असं कळवायच्या आणि सोय काही कोणाची होत नव्हती. दारापाशी खुर्चीवर एक काका बसलेले असायचे; जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले काका म्हणायचे. गुडघा केव्हाच बरा झालेला, भरलेली पिशवी मांडीवर.

"तुमच्या त्या प्रोग्रामने मुलगा येईल का?" त्यांनी मला विचारलं.

"निरोप नक्की जाईल," मी म्हणालो. त्यापुढचं आमच्या हातात नव्हतं, पण ते मला सांगवेना.

ताई खूश होती. "नवं काही लिहायचंच नाही. कपड्यांच्या जागी माणसं द्यायची, झालं."

"एकदा तपासून बघू या."

"तेच भाग आहेत. त्यात काय तपासायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. निरोप लिहिणाऱ्या भागाच्या पोटात ताईनेच कधीतरी घाईत एक मजकूर ठेवून दिला होता: "आपला नग तयार आहे. आठवड्याच्या आत न नेल्यास गरजूंना देण्यात येईल." खाली लॉन्ड्रीचा पत्ता. तोच निरोप शुश्रूषागृहातल्या माणसांच्या घरोघर गेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लॉन्ड्रीवाले शांतपणे प्रत्येकाचं नाव विचारत होते, गठ्ठे बघत होते आणि नाही म्हणत होते. एक गृहस्थ हमरीतुमरीवर आला होता. मनगटावर जुनं, नीट राखलेलं घड्याळ.

"माझी वस्तू परस्पर देऊन टाकणारे तुम्ही कोण? मी आत्ताच्या आत्ता नेणार."

"न्या की. पण तुमचं इथे काहीच नाही," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "आणखी कुठे काही ठेवून विसरलात का, बघा आठवून."

गृहस्थाचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. मग तो बाकावर बसला. त्याच्या मागच्या बाईने आपला निरोप पुन्हा वाचला आणि ती निमूट बाहेर पडली. तिच्यामागून आणखी काही जण गेले.

ताई जिन्यात उभी होती. ती इतकी शरमलेली मी कधी बघितली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ती खाली उतरून त्या गृहस्थापाशी गेली.

"आमची चूक झाली. पत्ता शुश्रूषागृहाचा हवा होता. तो देऊ का?"

"माहीत आहे पत्ता," तो म्हणाला. "बाबा आहेत तिथे." मग उठला आणि लॉन्ड्रीवाल्यांना नमस्कार करून गेला.

दुपारी आम्ही माफी मागायला शुश्रूषागृहात गेलो. दारापाशी खुर्ची होती. काका नव्हते, पिशवीही नव्हती.

"आता मजकूर बाहेर काढलाय," ताई मेट्रनबाईंना खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही द्याल तोच जाईल. काय लिहायचं सांगा."

मेट्रनबाईंनी त्या खुर्चीकडे बघितलं.

"तोच राहू द्या," त्या म्हणाल्या. "पत्ता तेवढा आमचा घाला."