नव्या कंपनीची चौकशी

चार महिने घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. जुन्या कंपनीत साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझी अक्कल काढली आणि मी तिथल्या तिथे राजीनामा दिला. क्वालिटीत नऊ वर्षं घासलेल्या बाईशी असं बोलतात? आता पगार कमी असला तरी चालेल, पण माणसाला माणूस समजणारी कंपनी हवी, असं मी ठरवून टाकलं. नवरा चिडवायचा, "वर्षाली, तू नोकरी बघतेयस की स्थळ?" मला हसू यायचं नाही.

चाकणच्या या कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं. क्वालिटी हेड! सही संध्याकाळपर्यंत करायची होती. एचआरचा रविराज गोड हसून म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळे एक कुटुंब आहोत." हे वाक्य तर जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलं होतं. माझा जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी म्हटलं, मला एकदा लाइनवर फिरू द्या, एकटीला.

लाइनवर बायका रबरी सील तपासत होत्या. मी आधी नापास मालाची लाल पेटी बघितली. लोक घाबरलेले असले की ती रिकामी असते, खराब माल गुपचूप चांगल्यात मिसळला जातो. इथली निम्मी भरली होती. माझ्यादेखत एका पोरीने सील वाकवून पाहिलं, पेटीत टाकलं आणि शेजारणीशी गप्पा मारत पुढचं उचललं. मला इतकं बरं वाटलं, विचारू नका.

टोकाला पन्नाशीची एक बाई होती. बिल्ल्यावर नाव होतं सरूबाई.

"मावशी, इथे चूक झाली तर ओरडतात का हो?" मी विचारलं.

"न्हाई. पेटीत टाकायचं, सुपरवायझरला सांगायचं. कुनी काय म्हनत न्हाई."

"मग छानच की! सोमवारपासून मीच येतेय, क्वालिटी हेड म्हणून."

तिचे हात थांबले.

"तुमी वळखलं न्हाई मला, मॅडम. तुमच्या जुन्या कंपनीत व्हते मी, कंत्राटावर. खराब पीस पुढं गेला म्हनून तुमी माझा फोटो लावला व्हता कँटीनच्या दाराशी. आठ दिवस."

फोटोंचा तो बोर्ड माझीच कल्पना होती. त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं. त्यावरचा एकही चेहरा मात्र आठवेना. मला भयंकर लाज वाटली.

"अहो, तेव्हा वरून प्रेशर..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या. मी भांडत न्हाई." तिने पुढचं सील उचललं. "लई हिंडल्यावर ही कंपनी गावली मला. तुमी नक्की येनार असाल तर आजच सांगा. मला दुसरीकडं बघाया लागंल."