शंका असेल तर ताईंना विचारा

ताईचा फोन सकाळपासून एंगेज लागत होता, आणि ही करामत होती पक्षाच्या पत्रकलेखकाचीच. त्याला पक्षात लेखणीबहाद्दर म्हणत. लेखणी सोडून दुसरं काही हाती घ्यायची वेळ आली की हा टेबलाखाली सापडतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

महिन्यापूर्वी त्याने लिहिलं होतं: ‘आरोग्य विम्याच्या हप्त्यातलं सरकारी अनुदान चालू राहिल्याशिवाय अर्थसंकल्प मंजूर होऊ देणार नाही. प्राण गेला तरी नाही.’ शब्द त्याचा, प्राण दुसऱ्यांचे. शिवाय जिव्हाळा दिसावा म्हणून तळाला एक ओळ घातली: ‘शंका असेल तर ताईंना विचारा.’ पुढे सख्ख्या बहिणीचा नंबर. ताई घरी शिलाईकाम करायची. चार इमारतींतल्या माणसांची मापं तिला तोंडपाठ. पत्रकंही तिनेच वाटली, जिने चढून. तिच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती आणि ऑपरेशन त्याच विम्यावर व्हायचं होतं.

काल संध्याकाळी पक्षाने मान डोलावली. अर्थसंकल्प मंजूर. अनुदान वर्षअखेर बंद. बदल्यात पक्षाला मिळाली एक चर्चा, तीन महिन्यांनी.

प्राण कुणाचाच गेला नाही. दोन राजीनामे तेवढे आले.

*मसुदा एक. व्यापक जनहित लक्षात घेऊन पक्षाने व्यूहात्मक संयम दाखवत*

अध्यक्ष खांद्यावरून डोकावले. “बहाद्दर, ‘तडजोड’ कुठे दिसायला नको.”

“नाही साहेब.”

“‘माघार’?”

“तो शब्द मला येतच नाही साहेब.”

अध्यक्ष खो-खो हसले. वाईट म्हणजे बहाद्दरालाही आपला विनोद आवडला.

*मसुदा दोन. ही माघार नसून पुढे जाण्यासाठी मागे टाकलेलं*

हे त्याने स्वतःच खोडलं. इतकी लाज अजून शिल्लक आहे म्हणून त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. मग त्या कौतुकाचीही लाज वाटली.

*मसुदा तीन. चर्चेचं दार उघडण्यात आम्ही यशस्वी*

कुठलंही पत्रक ताईला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नसे. तिला समजलं की सगळ्यांना समजणार. ती हसली की खोडायचं. अठराव्या खेपेला फोन लागला.

“बोल. आजचा तू एकेचाळिसावा.”

“ताई, एक वाचून दाखवतो.”

“वाच. सकाळपासून शिव्याच ऐकतेय, जरा करमणूक होईल.”

त्याने वाचलं. ती हसली नाही. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

“चर्चेचं दार उघडलं म्हणे. माझी झडप चर्चेनं उघडते का रे?”

“ताई, पक्षाची भूमिका अशी आहे की...”

“माझा हप्ता कोण भरणार, ते सांग.”

“त्यावर... पुढच्या परिच्छेदात...”

“गाढवा, मी तुझी बहीण आहे, पत्रकार नाही.” तिला धाप लागली. “लोकांना मी फोनवर काय सांगू? पत्रक तू लिहिलंस, दारं मी वाजवली. आता दारं तू वाजव. ये इकडे.”

तो गेला. निघताना तिसरा मसुदा छापून खिशात ठेवला. निःशस्त्र कसं जायचं?

पहिल्या इमारतीच्या तळाशी ताई पायरीवर बसली होती, गळ्यात टेप तसाच. मांडीवर घरांची यादी. “मी इथूनच ऐकते,” ती म्हणाली. “चढ.”

पहिल्या मजल्यावर निवृत्त मास्तरांनी दार उघडलं. बहाद्दराने कागद काढला. “व्यापक जनहित लक्षात...”

“ऐकू येत नाही!” खालून ताई.

“लक्षात घेऊन, पक्षाने...”

“अजूनही नाही!”

मास्तर चष्म्यावरून बघत राहिले, पाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसे. खिशात फोन वाजू लागला. अध्यक्षांना पत्रक हवं होतं. बहाद्दराने कागदाची घडी केली. आयुष्यात पहिल्यांदा तो मसुद्याशिवाय बोलला, आणि चुकून ओरडलाच.

“आम्ही कच खाल्ली!”

जिन्यात आवाज घुमला. मास्तरांनी मान हलवली. “एवढं फोनवर सांगता आलं असतं.” दार बंद.

खाली पेन्सिलीने यादीत एक खूण झाली. पण वरची दारं उघडू लागली होती. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एक बाई वाकली.

“कच तुम्ही खाल्ली ते कळलं हो. माझा हप्ता कोण भरणार?”

बहाद्दराने खाली पाहिलं. ताई वर बघत होती. उत्तर तिलाही हवं होतं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला, या खेपेला नीट ऐकू जाईल असं. फोन बंद केला आणि तिसऱ्या मजल्याकडे चढू लागला.