वामनराव नावाचा घुसखोर

"बसनार नाही तुमचा इस्वास, पन एका मशीननं मलेच माह्या खुर्चीवर चोर म्हनून धरलं!"

मेहकरच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीला टेकून वामनरावांनी आरोळी ठोकली. बियाण्यांच्या कंपनीनं घरी बसवल्यापासून ही गोष्ट रोज थोडी फुगत होती. समोरच्या बाकावर त्याच कंपनीतली सुवर्णा दुसरबीडच्या गाडीची वाट बघत होती. वामनरावांनी तिला पाहिलं आणि आवाज आणखी चढवला.

"कसं मशीन हो?" टपरीवाले महादेवराव म्हणाले.

"कुत्र्यापरीस तिखट नाकाचं! कम्प्युटरवर कोन कवा बसते, बटनं कशी दाबते, पावसाळाभर शिकत राह्यलं. वेगळं कोनी दिसलं का घुसखोर म्हनून कुलूप! अबे, घरी सासू आली तं माह्या बोटावरून वळखे ते!"

हशा पिकला. खरी गोष्ट याहून लहान होती. ऑफिसात जो तो आपला पासवर्ड विसरायचा. वामनरावांचा मात्र गावच्या पाणवठ्यासारखा. कोणीही यावं, भरून न्यावं. साहेबानंसुद्धा. मशीन शिकलं ते या सगळ्यांचे हात, आणि त्यांनाच वामनराव समजलं. पुढे हुकूम निघाला, ज्यानं त्यानं आपलाच पासवर्ड वापरावा. खरे वामनराव एकटेच दोन बोटांनी टकटक करायला बसले, अन् पडदा लाल झाला. पुण्याहून चौकशीला माणूस आला. यांच्या नावानं आणखी कोण बसायचं, एवढंच त्यानं सगळ्यांना विचारलं. एकानं जरी 'मी बसायचो' म्हटलं असतं, तरी खुर्ची वाचली असती.

"मंग?" महादेवरावांनी ग्लास पुढे केला.

"मंग काय! सारं हापीस उभं राह्यलं. आमीच साहेब, आमीच! ह्या सुवर्णाबाई तं सर्वात पुढं. तो पुन्याचा मानूस ढसाढसा रडला, फेका म्हने हे मशीन! मीच म्हनलं, राहू द्या भाऊ, मले आता आराम पायजे."

"वा, बाई!" महादेवरावांनी कौतुकानं सुवर्णाकडे पाहिलं.

दुसरबीडची गाडी लागली. सुवर्णा पिशवी घेऊन उठली, पण गाडीकडे गेली नाही.

"खोटं हाय, काका," ती वामनरावांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कोनीच उठलं नाही. मी तं तुमच्या बाजूच्याच खुर्चीवर बसून होती."