रिकामा खुंटा

“पहिल्या पाठीला नाव ठेवायचं नाही. अगं म्हण, चल म्हण, हट म्हण, पण नाव नको. नाव ठेवलं की हात सुटत नाही.”

शेळीच्या मादी पिल्लाबद्दल, म्हणजे पाठीबद्दल, सुईणमावशी हे बोलली तेव्हा शेळीच्या दाव्याचं टोक मी धरलेलं होतं, तरी तिने ते सोडलं नव्हतं. आमच्या गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. आता तिचे गुडघे बोलायला लागले होते आणि लेकीने तिला कायमचं आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. निघण्याआधी ती एकेक शेळी एकेका घरी देत होती. माझ्या वाट्याला पांढऱ्या कानांची, पहिलटकरीण आली.

“विकत देत नाही,” मावशी म्हणाली. “बोकड झाला तर तुझा. पण हिला पहिली मादी होईल ना, ती पाठ पुढे द्यायची. मला नाही. जिच्या दारात खुंटा रिकामा आहे, तिला. आणि मग तिनेही तसंच करायचं. मला तरी हिची पणजी कुणी विकत दिली होती?”

मी हो म्हटलं. मग तिने दावं सोडलं.

हो म्हणणं माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हे. माझे नेम लहान आहेत, पण ते मोडलेले मला सोसत नाहीत. उठल्यापासून दिवा लागून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, आणि मुक्या जिवाच्या आधी आपल्या तोंडात घास घालायचा नाही. देवाला दिलेला शब्द आणि माणसाला दिलेला शब्द, दोन्ही एकाच तोंडातून निघतात, एवढंच मला कळतं.

हे मात्र शेळी बघून दारातच आडवे उभे राहिले. ह्यांचा उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी खुर्चीत बसल्यावर एक हात अजून वर जायचा, दांडा शोधायला.

“जागा नाही,” हे म्हणाले. “मागची गाडी बघा.”

“अहो, गाभण आहे ती.”

“मग तर दोन जागा लागतील.”

पण परसातल्या पडवीतली अडगळ दुसऱ्या दिवशी ह्यांनीच काढली. मी बाजारातून आणखी दोन शेळ्या आणल्या. आणायला हेही आले, “तुला कोणीही गंडवेल” म्हणत. तिथे एका शेळीचे दात बघायला तोंड उघडलं आणि तिने ह्यांच्या खिशातला रुमाल खाल्ला. “हिला भूक चांगली आहे,” हे म्हणाले, “हीच घेऊ.” झाला आमचा व्यवसाय सुरू.

सुरुवातीला चुकाच फार. जमीन ओली राहून शेळ्यांचे खूर नासायला लागले, तेव्हा सुताराने लाकडी माचाण करून दिलं आणि बजावलं, “फळ्यांमध्ये लेंडी पडेल एवढी फट, खूर अडकेल एवढी नको.” पाला खाली टाकला की त्या नाक उडवायच्या. एकदा पाय पडलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, घरातल्या थोरल्या सुनेसारखा तिचा मान. मग पाला जुडी बांधून उंच टांगायला लागलो.

पण खरी चूक माझ्या नेमामुळे झाली. सकाळी मी बोलत नाही, मग शेळ्यांना हाक कोण मारणार? जप संपला की मी देवापुढची घंटी वाजवायची आणि लगेच पाला घेऊन परसात जायची. आठवडाभरात शेळ्यांनी मनाशी पक्कं केलं, की घंटी म्हणजे खाणं. मला कौतुक वाटलं. हे म्हणाले, “तुझ्यापेक्षा त्यांचीच श्रद्धा जास्त.”

आणि एका सकाळी पाववाल्याने सायकलला नवी घंटी बसवली.

मी माळ हातात घेऊन बसलेली. बाहेर टिंग टिंग झालं आणि माझ्या खिडकीसमोरून तिन्ही शेळ्या फाटकावरून उडून गेल्या, मावशीची गाभण सगळ्यांत पुढे. हे न्हाणीघरात. पाववाला ओरडतोय, “काकू, अहो काकू, तुमच्या शेळ्या!” आणि काकूचं तोंड बंद. पाव पोटात गेला असता तर शेळी फुगली असती, गाभण तर हातची गेली असती. पण जप अर्ध्यावर होता. मी देवाकडे पाहिलं, आणि देवापुढचीच घंटी उचलून जोरजोरात हलवली.

शेळ्या थांबल्या. पुढे पाव, मागे नेहमीचा विश्वास. गाभण आधी वळली, मग बाकीच्या. त्यांच्या मागोमाग पाववालाही आला, अंगाला साबण लावलेले हेही आले, आणि मी मात्र सगळ्यांकडे बघत मान डोलावण्यापलीकडे काही करू शकले नाही.

“ही बोलत का नाही?” पाववाला घाबरला.

“तिची देवाशी लाइन चालू आहे,” हे म्हणाले. “तू तुझी घंटी काढ.”

त्याने खरंच काढली. “ठेवून घ्या काका. मी आपला तोंडाने ओरडत जाईन.” ती घंटी आमच्या खिडकीत पडून राहिली.

पुढे मावशीची शेळी व्याली. आधी बोकड झाला, धष्टपुष्ट, जन्मल्या जन्मल्या उभा. आम्ही आटोपलं म्हणून हात धुतले, तर मागून आणखी एक आलं. मुठीएवढं, ओलं, कान लोंबते. पाठ होती.

आईने बोकडाला चाटलं, हिला ढुशी दिली. परत लावलं, परत ढुशी. मी चीक काढून बाटलीत भरला आणि दुसऱ्या शेळीकडे बघायला वळले. परत आले तर हे फळीवर मांडी घालून बसलेले, पाठ ह्यांच्या सदऱ्याच्या आत, नुसतं डोकं बाहेर, आणि बाटली तिच्या तोंडात.

“धर म्हणालं कोणी तरी म्हणून धरली,” हे म्हणाले. कोणीही म्हणालं नव्हतं.

त्या दिवसापासून बाटली ह्यांची. दूध कोमट आहे का ते मनगटावर थेंब टाकून बघायचे. आमच्या मुलाच्या वेळी हे बाहेरगावच्या फेऱ्यांवर असत. बाटली कशी धरतात हेही ह्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आता दुपारी जेवण झालं की परसातून बोलणं ऐकू यायचं. “पुढे सरका. दारात गर्दी करू नका. अहो मोठ्या बाई, तुम्हाला किती वेळा सांगितलं, लहान प्रवाशाला जागा द्या.” निवृत्तीनंतर मिटून गेलेला माणूस पुन्हा उघडला होता. खुर्चीतला हात वर जायचा थांबला. ते मला दिसत होतं, म्हणून मी गप्प होते.

एके दिवशी मी ऐकलं, “चिल्लर, चल गं.”

मी पाल्याची जुडी खाली ठेवली. “अहो, नाव नाही ठेवायचं तिला.”

“नाव कुठे ठेवलं? जन्मभर लोकांना म्हणत आलो, चिल्लर द्या, चिल्लर द्या. कोणी दिली नाही. आता मिळाली.”

“ती आपली नाही. मावशीला शब्द दिलाय मी.”

ह्यांनी पाठीच्या कानामागे खाजवलं. “मावशी लेकीकडे. विचारायला कोण येतंय?”

“म्हणून तर.”

“आणि जगवली कोणी? आई तर हिला घेत नव्हती.” मग माझ्याकडे न बघता, “पुढची पाठ देऊ की. ती चांगली दांडगी असेल. कोणाला कळणार आहे?”

पुढची दिली असती तर ते दान झालं असतं. शब्द पाळणं झालं नसतं. पण ह्यांच्या हातातून पाठ ओढून घेऊन नेम पुरा करायचा, हेही मला पटेना. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी आपल्या नेमाला चालतं का? देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. सकाळचं मौन त्याचंही असेल.

खुंटा कोणाचा रिकामा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ओढ्याच्या वाटेवर शिवणवाली राहायची. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, आणि मशीनवर दिवसभर लोकांचे कपडे. मावशीने जाण्याआधी तिला सांगून ठेवलं होतं, “पांढऱ्या कानांचीला पाठ झाली की येईल तुझ्याकडे.” ती कधी मागायला आली नाही. विहिरीवर भेटली की एवढंच विचारायची, “काकू, पाला खाते का आता?” मी हो म्हणायची आणि बादली पटकन भरून निघायची. पुढे पुढे मी दुसऱ्या विहिरीला जायला लागले. पाणी तिथलं खारट होतं.

चिल्लर पाला खाऊ लागली, आईशिवाय परसभर हिंडू लागली. आता देता आली असती. हवा गार झाली तशी ह्यांना तिच्या थंडीची काळजी लागली. पेटीतला खाकी सदरा बाहेर काढला, ज्याला मी हात लावलेला ह्यांना चालत नसे.

“ह्याचा हिला कोट होईल,” हे म्हणाले. “शिवून आणतो.”

“कोणाकडून?” मी विचारलं. गावात शिवणारी एकच होती.

ह्यांनी ऐकलं नाहीसं केलं, दोरीने चिल्लरचं माप घेतलं आणि गेले.

चहाची वेळ टळून गेली तेव्हा परतले. सदरा तिथेच शिवायला ठेवला होता. खुर्चीत बसले. मी चहा दिला, तो निवला, तरी बशी हातातच.

“दिलंत का माप?”

“अं? हो. ‘काका, वाढत्या अंगाचं आहे, पोटाला दुमड सोडते, पुढे उसवता येईल,’ म्हणाली.” मग बशी खाली ठेवून, “गोठा बघितला का तू तिचा?”

“नाही.”

“खोक्यांच्या फळ्यांचं माचाण केलंय. फट बरोबर आहे. खुंटा रोवलाय. आणि पाल्याची जुडी टांगलीय, हिरवीगार, आजची. मी म्हटलं, बाई, शेळी कुठे आहे? तर लाजली. ‘नाही हो काका, मुलींना सवय व्हावी म्हणून. रोज पाला आणायचा म्हणजे आणायचा, कंटाळा करायचा नाही. संध्याकाळी उतरवून शेजारच्यांच्या गाईला घालतो.’ रोज बांधते म्हणे.”

रोज, शेळी नसताना, न चुकता. ह्याला नेम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

“पण चुकलंय तिचं,” हे एकदम कुरकुरले. “जुडी फार वर बांधलीय. मोठ्या शेळीच्या मानाने. लहानीची मान पोचायची नाही. खिळा खाली घ्यायला हवा. आणि दोघी मुली आहेत नुसत्या, बाटली कशी धरायची कोणी दाखवलीय त्यांना?”

“आता बाटली कशाला? पाला खाते ती.”

“सकाळी एक लागते तिला,” हे म्हणाले. “सवयीची.”

दोन दिवसांनी शिवणवालीच्या थोरल्या मुलीने कोट आणून दिला. खाकी, दोन बटणं पोटाखाली, आणि छातीवरचा तिकिटांचा खिसा तिने काढला नव्हता, तसाच ठेवला होता. हे तो खिसा उघडून आत बघत राहिले, जुन्या फेरीतलं काही राहिलंय का असं.

पुढच्या सकाळी मी दिवा लावून जपाला बसले होते. परसात पावलं वाजली. खिडकीतून दिसलं, ह्यांनी चिल्लरला कोट घातला, बटणं लावली, सोडून पुन्हा लावली, कारण एक मागेपुढे झालं होतं. काखेत बाटली, पिशवीत हातोडी. खिडकीपाशी येऊन पाववाल्याची घंटी उचलली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. घंटीशिवाय ती कोणाच्या हाकेला येणार होती?

ह्यांनी वेळ बरोबर निवडली होती. मला विचारता येणार नव्हतं, ह्यांना सांगावं लागणार नव्हतं. समजूत काढायला मी तोंड उघडलं असतं तर कदाचित दोघांचीही पावलं मागे फिरली असती.

“येतो,” हे फाटकातून म्हणाले. मग तिथेच उभे. माझ्याकडे बघत, एक हात वर, फाटकाच्या आडव्या दांड्यावर. मला क्षणभर कळेना कशासाठी थांबलेत. आणि मग कळलं. जन्मभर गाडी हललीच ती दोन घंट्यांवर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ह्यांनी स्वतः लाखो वेळा दिल्या, ह्यांना कधी कोणी दिल्या नव्हत्या.

माळ डाव्या हातात घेऊन मी देवापुढची घंटी उचलली आणि दोनदा वाजवली.

गोठ्यात माचाणावर एकच धडधड उठली. पांढऱ्या कानांचीने फळीवर पुढचे पाय टेकून मान बाहेर काढली. पाला आला असं तिला वाटलं. ह्यांनी फाटक लावलं, कडी नीट बसली का ते हलवून बघितलं, आणि चिल्लरचं दावं मनगटाला गुंडाळून ओढ्याच्या वाटेला लागले. ती ह्यांच्या पायात येत होती, खिशाकडे तोंड करत होती. “पुढे सरका,” ह्यांचा आवाज हळू, नेहमीपेक्षा खूप हळू ऐकू आला. “पुढे जागा आहे.”